बारा एकरांची मुलगी

सिकंदराबाद स्टेशनवर दुपारची पुण्याची गाडी लागली होती आणि अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. आई खिडकीपाशी उभी राहून कुठल्या डब्यात काय भरलंय ते तिसऱ्यांदा सांगत होती. अण्णा रेल्वेतले, त्यामुळे त्यांना रुसायलाही आयती जागा मिळाली होती. ते फलाटावर येरझारा घालत डब्यांची चाकं बघत होते, जणू गाडी तपासून सोडायचं काम त्यांच्याचकडे आहे. शिट्टी झाली तेव्हा ते खिडकीशी आले, म्हणाले, "दिल्लीच्या गाडीत बसायची होतीस तू," आणि गाडी हलायच्या आत पाठ फिरवून चालायला लागले. आईने मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला असणार. मला ते नीट दिसलं नाही, कारण मी रागाने रडत होते.

याला अकरा वर्षं झाली. तारनाक्याच्या कॉलनीत अजून राहणारे तुम्ही आणि माझ्यासारखे तिथून उठून बंगळुरूला, पुण्याला, कॅनडाला गेलेले तुम्ही, प्रत्येकाला अण्णांनी एक गोष्ट एकदा तरी ऐकवलेली आहे. देशातल्या एका भारी कॉलेजनं आमच्या रेणूला बोलावलं, मी तिच्यासाठी गावाकडची जमीन सोडली, आणि ऐन वेळेला पोरगी म्हणाली मला जायचंच नाही. लग्नांमध्ये, बारशांमध्ये, कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुम्ही मला विचारलंत, "काय गं, असं का केलंस?" मी दरवेळी "हौ, नाही गेले" म्हणून विषय बदलला. आज सगळं सांगते, कारण तुमच्यातल्या काहींची मुलं आता तेच फॉर्म भरायला लागली आहेत.

आम्ही मूळचे देगलूरकडचे. म्हणजे अण्णा तिकडचे, मी तारनाक्याची. आजोबांच्या तरुणपणी तो सगळा मुलूख हैदराबाद संस्थानातच होता, तेव्हा नोकरीसाठी इकडे येण्यात परमुलखात गेल्यासारखं कुणाला वाटत नसे. अण्णा वर्कशॉपात लागले, क्वार्टर मिळालं, मराठी घरात राहिली आणि दाराबाहेर तेलुगू आणि दखनी. मी इंग्रजी शाळेत गेले. माझं मराठी वाचन पाट्या आणि लग्नपत्रिका यांच्या पुढे गेलं नाही.

अण्णांच्या बोलण्यात मात्र दिवसातून एकदा तरी बारा एकर यायची. साहेब ओरडला, प्रमोशन हुकलं, कुणी जास्त शहाणपणा दाखवला की अण्णा चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "काही परवा नाही. गावाकडं बारा एकर हाय आपली." त्या बारा एकरांतून आमच्या घरात कधी ओंजळभर ज्वारी आली नाही. अण्णांचे चुलतभाऊ बालाजी काका ती कसत होते आणि अण्णांनी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नाही. मागायला गेलं असतं तर आपला वाटा नेमका किती, हे कुणीतरी मोठ्याने बोललं असतं. हे मला फार उशिरा कळलं.

बारावीच्या वर्षी मी उत्तरेतल्या एका खासगी विद्यापीठाला अर्ज केला. अर्थशास्त्र शिकायचं होतं, आणि त्यांच्या माहितीपत्रकातली ती लायब्ररी बघून माझी झोप उडाली होती. फी आमच्या ऐपतीच्या कितीतरी बाहेरची. पण ते कॉलेज घरची परिस्थिती बघून फी माफ करायचं, ज्याची जेवढी गरज त्याला तेवढी. प्रवेश मिळाला त्या दिवशी मी कॉलनीभर पेढे वाटले. आम्हाला जवळजवळ सगळी माफी मिळणार याबद्दल मला शंकाच नव्हती. एक पगार, सरकारी क्वार्टर, ताईच्या लग्नाचं सोसायटीचं कर्ज. आमच्यापेक्षा सरळ हिशेब कुणाचा असणार?

फॉर्म मी भरत होते आणि अण्णा मागे खुर्ची टाकून बसले होते. 'इतर मालमत्ता' असा रकाना आला. मी 'काही नाही' लिहायला लागले.

"काही नाही कसं? बारा एकर लिही."

मी म्हटलं, अण्णा, त्यातून आपल्याला एक रुपया येत नाही.

"मग खोटं लिहायचं का? जमीन हाय तर हाय म्हणायचं. नाव हाय माझं सातबाऱ्यावर."

बरं, हा माणूस खरोखरच खोटं बोलत नाही. रेल्वेतून कधी एक खिळा घरी आणला नाही. मी मुकाट्याने बारा एकर लिहिली, सातबाऱ्याचा फोटो जोडला आणि पुढे गेले. त्या कागदावर काय काय लिहिलंय ते मला तरी कुठे वाचता येत होतं? अण्णांचं नाव तेवढं ओळखू आलं.

मग कळलं की घराची पाहणी करायला कॉलेजचा माणूस येणार. ही पाहणी म्हणजे यांना मदतीची किती गरज आहे ते बघणं, हे मी आईला आणि अण्णांना किमान दहा वेळा समजावलं. दोघांनी मान डोलावली. आणि मग आमच्या घरात जे सुरू झालं ते मुलगी दाखवायच्या कार्यक्रमापेक्षा वेगळं नव्हतं. आई सुलतान बाजारात जाऊन नव्या चादरी घेऊन आली. शेजारच्या पद्मा आंटीकडून काचेचा डिनर सेट आला, सोफ्याची कव्हरं आली. ताईने सासरहून येताना आपल्या बांगड्या आणल्या आणि त्या आईच्या हातात चढवल्या. अण्णांनी बैठकीच्या खोलीला रंग दिला. स्वतःच्या हाताने, दोन सुट्ट्या घालवून.

मी म्हटलं, नेहमीसारखं सुशीला कर आणि चहा दे. सुशीला म्हणजे आमच्याकडचा मुरमुऱ्यांचा फोडणीचा प्रकार, आठवड्यातून चारदा व्हायचा. आई माझ्याकडे बघतच राहिली. "एवढ्या लांबून साहेब येणार आणि मी मुरमुरे घालू त्यांच्या पुढं? लोक काय म्हणतील?" कुठले लोक, हे मी विचारलं नाही. साहेबांना काजू घातलेला शिरा, दोन भाज्या, पुऱ्या आणि वर पावाचा डबल का मीठा मिळाला.

साहेब म्हणजे माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठा एक मुलगा होता, हातात टॅब घेतलेला, घामाघूम. फार सज्जन होता बिचारा. त्याने इंग्रजीत विचारलं, काही कर्ज आहे का? मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "नो, नो. बाय गॉड्स ग्रेस, नथिंग." परक्या माणसासमोर कर्जाचं नाव काढायचं म्हणजे अण्णांना कपडे उतरवल्यासारखं झालं असतं. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते आणि ते मला नजरेनेच गप्प बसवत होते. मग त्याने सातबारा विचारला. त्याला मराठी येत नव्हतं. अण्णांनी चष्मा लावला, बोट ठेवून त्याला क्षेत्र दाखवलं, आपलं नाव दाखवलं आणि म्हणाले, "ट्वेल्व्ह एकर. ब्लॅक सॉईल." मुलाने टॅबवर काहीतरी टिपलं. जाताना आईने त्याला शर्टपीस दिलं. तो नको नको म्हणत होता, तिने त्याच्या बॅगेत कोंबलं.

तो गेल्यावर अण्णा खूश होते. "माणूस चांगला होता. छाप पडली," म्हणाले. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण इतकं सगळं खाऊन गेलेला माणूस आपलं वाईट कसं करेल, असं मलाही कुठेतरी वाटलंच. मीही त्याच घरातली.

तीन आठवड्यांनी मदतीचं पत्र आलं. फीचा चौथा हिस्सा माफ. हॉस्टेल, जेवण, बाकी सगळं आमचं. खाली फार गोड भाषेत लिहिलं होतं की आपल्या कुटुंबाची स्थिती आणि मालमत्ता विचारात घेऊन हा निर्णय झाला आहे, आपलं स्वागत करायला आम्ही उत्सुक आहोत. अण्णांचा अख्खा पगार दिला असता तरी उरलेले तीन हिस्से भागले नसते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडले. डिनर सेटवरून ओरडले, बांगड्यांवरून ओरडले, रंगावरून ओरडले. आई रडायला लागली. अण्णा पत्र हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचत होते आणि त्यांना खरंच कळत नव्हतं की चूक कुठे झाली. "आपण तर सगळं चांगलं दाखवलं," ते म्हणाले. मी हात टेकले.

कॉलेजला फोन केला. तिकडच्या मॅडम अगदी शांतपणे बोलल्या. म्हणाल्या, फेरविचाराचा अर्ज करता येईल. कर्जाचे कागद पाठवा. आणि जमीन जर सगळी तुमची नसेल किंवा तिच्यातून उत्पन्न नसेल, तर वाट्याचा नेमका आकडा असलेला सरकारी पुरावा द्या. दोन आठवडे मुदत आहे.

पुरावा. मी सातबारा घेऊन कॉलनीतल्या एका मराठी शाळा शिकलेल्या काकूंकडे गेले. त्यांनी वाचून दाखवला. सामाईक क्षेत्र बारा एकर, आणि त्याखाली अण्णांच्या नावासकट नऊ नावं. काका, आत्या, चुलतकाका, दोन वारलेले, सगळे. सगळ्यांना सारखी वाटणी धरली तर अण्णांच्या वाट्याला एक एकर आणि वर काही गुंठे. मी घरी येऊन हे बोलले तेव्हा अण्णांनी पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला. "वाटणी झालेली नाही. जोवर वाटणी नाही तोवर सगळी आपली." मी म्हटलं, मग नवाही जणांची सगळीच्या सगळी का? ते उठून बाहेर गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी रजा टाकली आणि मला म्हणाले, "चल. देगलूरची बस हाय."

तलाठी म्हणाला, नऊ जणांची वाटणी म्हणजे सहा महिने कुठे गेले नाहीत, शिवाय दोघांचे वारस लावायचे आहेत. बालाजी काका तिथेच बसले होते. फार प्रेमाने म्हणाले, "दादा, घाई असंल तर एक रस्ता हाय. माझ्या नावावर हक्कसोड करून द्या. नोंदणी झाली की कागद हातात. पोरीचं काम अडू नये." मग घाईने म्हणाले, "मी कधी सोडा म्हणलो का तुम्हाला? इतक्या वर्षांत कधी म्हणलो?" नव्हते म्हणाले. पण मसुदा लिहिणारा माणूस दुपारपर्यंत तयार होता, आणि साक्षीदारही. आज वाटतं, एवढी तयारी एका दुपारी होत नाही. त्यांना फोनवर आईने आधी सांगितलं असणार.

मी काय म्हणायला हवं होतं? नको अण्णा, राहू द्या, असं म्हणायला हवं होतं. मला ते सुचलंच नाही असं नाही. सुचलं आणि मी गिळलं. मला ती लायब्ररी हवी होती, आणि ही सगळी बारा एकरांची कटकट एकदाची संपायला हवी होती. कोण जातं तिथे? कोण कसतं? मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि घड्याळ बघत राहिले.

नोंदणीच्या ऑफिसात कारकुनाने विचारलं, "हक्क सोडणार कोण?" अण्णांनी नाव सांगितलं, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. गाव सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला. सही केली, अंगठा दिला, कॅमेऱ्यासमोर बसले. बाहेर आल्यावर बालाजी काका म्हणाले, "शेतावर चला की दादा, जेवूनच जावा." अण्णा म्हणाले, "बस चुकंल." बसला अजून दीड तास होता. तो दीड तास आम्ही स्टँडवर बसून काढला आणि अण्णांनी मला दोनदा विचारलं, "भूक लागली का?"

कर्जाचे कागद आणि हक्कसोड पत्र मी त्याच आठवड्यात कॉलेजला पाठवलं. उत्तर आठ दिवसांनी ईमेलने फोनवर आलं. मी कॉलनीच्या पाण्याच्या टाकीखाली उभी राहून ते वाचलं. कर्जाची नोंद घेतली, त्यासाठी थोडी वाढ केली. जमिनीबाबत मात्र निर्णय बदलता येत नाही, कारण अर्ज केला त्या दिवशी ती आपल्या वडिलांच्या नावे होती आणि त्यानंतर त्यांनी ती स्वेच्छेने सोडून दिली. अशा प्रकारे नंतर सोडलेली मालमत्ता आमच्या नियमानुसार कुटुंबाचीच धरली जाते.

म्हणजे जमीनही गेली आणि कॉलेजही. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की 'स्वेच्छेने' या अर्थाचा तो इंग्रजी शब्द आजही कुठे दिसला की मी ते वाक्य दोनदा वाचते.

घरी गेले तर अण्णा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "गेली तर गेली. पोरीचं काम झालं, आणखी काय पाहिजे?" आवाज इतका हलका होता की मी उंबऱ्यातच थांबले. फोन ठेवून त्यांनी विचारलं, "आलं का उत्तर?" मी म्हटलं, हो, वाढवली त्यांनी. मग एका दमात म्हटलं, पण मला आता तिकडे जायचं नाही. पुण्याच्या कॉलेजात मिळतंय, फी काहीच नाही, मी तिथेच जाते.

अण्णांनी आधी ऐकून घेतलं. मग जे काही ऐकवलं ते सगळं इथे लिहीत नाही. दिल्लीपर्यंतचा रेल्वेचा पास काढून ठेवला होता त्यांनी, तो टेबलावर आपटला. "मी नाव काढून आलो तिथनं. कळायलंय का तुला?" कळत होतं. म्हणूनच तर सांगता येत नव्हतं. नुसत्या फुकट गेलेल्या सहीपेक्षा हट्टी मुलगी बरी, एवढं त्या अठराव्या वर्षी मला सुचलं, आणि ते बरोबर होतं की चूक याचा निकाल मी अजून लावू शकलेले नाही.

पुण्यात पहिली दोन वर्षं वैतागात गेली. मेसमध्ये मी "आमटी वाढायलात का?" विचारलं की मुली हसायच्या. "हौ" म्हटलं की विचारायच्या, तू तेलुगू आहेस का? हैदराबादमध्ये मी मराठी, आणि इथे मराठी मुलखात आल्यावर हैदराबादी. पुढे 'हौ'चं 'हो' झालं, 'परेशान'चं 'वैताग' झालं, बिर्याणीच्या नावाखाली मिळणाऱ्या पुलावाबद्दल बोलणं मी सोडून दिलं. हट्टाने मराठी वाचायला शिकले. नीट वाचता यायला लागलं तेव्हा एक दिवस ट्रंकेतून हक्कसोड पत्राची प्रत काढली. त्यात लिहिलं होतं की लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना सदर मिळकतीतील आपला हक्क कोणताही मोबदला न घेता, नैसर्गिक प्रेमापोटी सोडून दिला आहे. अशा सगळ्याच कागदांत हे छापील वाक्य असतं, हे आता मला ठाऊक आहे. तेव्हा नव्हतं. तेव्हा मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून हमसून हमसून रडले.

आता मी विम्याच्या दाव्यांचे कागद तपासते. दिवसभर लोकांनी लिहिलेलं वाचायचं आणि कुठे काय वाढवलंय, काय लपवलंय ते शोधायचं. म्हणून तुम्हाला सांगते, कागद वाचणाऱ्याला तुमचं घर दिसत नाही. त्याला आकडा दिसतो. उत्पन्न नसलेली जमीन असेल तर आपला वाटा लिहा, शेजारी किती नावं आहेत ते लिहा, कर्ज असेल तर कागद पुढे करा. लाजू नका. आणि पाहुण्याला सुशीला द्या.

बारा महिन्यांतून दोनदा मी घरी जाते. अण्णा रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं, आता ते मलकपेठला भाड्याच्या घरात राहतात. दरवेळी कुणी आलं की अण्णांची गोष्ट सुरू. "हिच्यासाठी जमीन सोडली. हिनं कॉलेज सोडलं." मी आत जाऊन भांडी आपटायची. आई म्हणायची, जाऊ दे गं, बोलू दे. अकरा वर्षं मी बोलू दिलं.

या उन्हाळ्यात पद्मा आंटी आल्या, डिनर सेटवाल्या. सोबत त्यांची श्रव्या, जी तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती. श्रव्याला त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि घर बघायला माणूस येणार होता. आंटी अण्णांना म्हणाल्या, "भाईसाब, परसों आरे उनों. आप लोगां देखे ना ये सब, बोलो क्या करना?"

अण्णा सरसावून बसले. "टेन्शन नक्को लो. घर चकाचक रखो. अच्छा खाना खिलाओ. वरंगल में तुम्हारे ससुर की जमीन है ना? वो बोलो पहले."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी कसा ठेवला मला आठवत नाही. मी म्हटलं, आंटी, यातलं काहीही करू नका. आणि मग सगळं बोलले. चौथा हिस्सा, नऊ नावं, टाकीखाली वाचलेलं पत्र, सगळं. हिंदीत सुरू केलं आणि मराठीत संपवलं. माझा आवाज चढला होता, आणि मला तो खाली आणायचा नव्हता.

पद्मा आंटी "अय्यो" एवढंच म्हणाल्या. आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. अण्णांनी समोरची बिस्किटांची बशी पुढे सरकवली. मग श्रव्याला म्हणाले, "बेटा, जितना है उतनाच लिखो. जमीन में दस नाम होंगे तो दस लिखो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या दोघी गेल्यावर त्यांनी पत्र मागितलं. मी फोनवर काढून दिलं. चष्मा लावून त्यांनी ते सावकाश वाचलं, वर गेले, पुन्हा वाचलं. मला वाटलं आता ते मोडून पडतील, किंवा माझ्यावर चिडतील, किंवा निदान बालाजी काकांवर तरी. त्यांनी फोन परत दिला.

"हे आणखी कुणाला ठावं हाय?"

या दोघी आणि आई सोडून कुणाला नाही.

"मग राहू दे. तू नाही म्हणलीस, हेच बरं हाय."

त्यांच्यासाठी मी अकरा वर्षं हट्टी, नादान, बापाच्या सहीची किंमत नसलेली मुलगी होऊन राहिले, आणि आता खरं कळल्यावर या माणसाला तीच मुलगी हवी? मग ते पुढे म्हणाले, जरा ताठ बसून, "एवढं मोठं कॉलेज. नाही म्हणायला धमक लागते." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नाबारशांत ते जे सांगत होते ती तक्रार नव्हतीच. ते माझी फुशारकी मारत होते. मी भांडी आपटत होते म्हणून मला ते ऐकूच आलं नव्हतं.

तर तुम्हाला माझी एक विनंती आहे. हे सगळं तुम्ही वाचलंत, पण अण्णांना तसं दाखवू नका. ते गोष्ट सांगायला लागतील तेव्हा नेहमीसारखे "अरेरे" म्हणा आणि मला नावं ठेवा. जमीन गेली, क्वार्टर गेलं, मलकपेठचं घर दुसऱ्याचं आहे आणि माझं पुण्याचं घर बँकेचं. कुणी घर कुठलं विचारलं की मी पूर्वी अडखळायचे. आता मलकपेठच्या बैठकीच्या खोलीत तो माणूस खुर्चीत बसून जे बोलतो, तेच मला घर वाटतं, मग त्यातलं खरं किती का असेना.

निघायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. बाहेर घरमालकांचे कुणी पाहुणे आले होते आणि अण्णा त्यांना सांगत होते, "बारा एकर छोड़ दिया मैं बच्ची के वास्ते. पूरी बारा." माझी सुरी थांबली. दिवसभर असलेच आकडे पकडायचा पगार मला मिळतो.

"और कुआँ भी छोड़े, अण्णा," मी आतून ओरडून सांगितलं. "कुआँ बोलना भूल गए तुम."

"हौ, कुआँ भी," अण्णा म्हणाले. तिथे विहीर होती की नाही, मला खरंच माहीत नाही.